बास्केटबॉलचे गुरुजी

अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्सस नावाचे राज्य आहे. तेथील लॉरेन्स या गावी कॅन्सस विद्यापीठ आहे. या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ साऱ्या अमेरिकेत प्रसिद्ध आहे. १८९८ पासून या संघाला एकामागून एक प्रशिक्षक लाभले. त्यांच्यापैकी प्रत्येकाने हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले सामने अधिक आहेत. अपवाद फक्त एकाचा. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० सामने गमावले. गंमत अशी, की हे प्रशिक्षक या खेळात नवखे नव्हते. बास्केटबॉलचा खेळ त्यांनीच तर शोधून काढला होता! त्यांचे नाव डॉ. जेम्स नेस्मिथ.

आपणच निर्माण केलेल्या खेळात ज्यांचा संघ वारंवार हरला, त्यांना जगभरचे खेळाडू गुरू का मानतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर त्यांचे जीवन पाहायला हवे.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशातील आल्मॉन्ट या गावाजवळ झाला. त्याचे आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. वडील लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करत. १८७० साली त्या भागात विषमज्वराची साथ आली. या साथीत जेम्सचे वडीलही गेले आणि आईही गेली. तेव्हा जेम्स जेमतेम नऊ वर्षांचा होता. एक बहीण, एक भाऊ आणि तो, अशी तीन मुले पोरकी झाली. प्रथम आजीने आणि पुढे पीटर नावाच्या मामाने त्यांना वाढवले. मामा शेतकरी होता. घोड्यांची निगा राखणे, नांगर धरणे, लाकडे फोडणे ही सारी कामे जेम्सला लहानपणीच करावी लागली.

गावातल्या लोहाराच्या दुकानाजवळ मुले एक खेळ खेळत. एका मोठ्या खडकावर लहानसा दगड ठेवायचा. एका मुलाने त्याची राखण करायची. बाकीच्यांनी दुरून दगड फेकून तो खाली पाडायचा. नेम चुकला, तर आपला दगड उचलून आणताना राखण करणारा मुलगा शिवण्याची भीती असे. जोरात फेकलेला दगड नेम चुकला की दूर जाऊन पडे. उलट हलक्या हाताने, कमानीसारखा वर उडवलेला दगड जवळच पडे आणि तो पटकन उचलून पळता येई. म्हणजे या खेळात जोरापेक्षा अंदाज महत्त्वाचा होता. ही लहानशी गोष्ट जेम्सच्या मनात कायमची राहिली.

शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि लाकूडतोड्यांबरोबर जंगलात काम धरले. कडाक्याच्या थंडीत झाडे तोडण्यात काही वर्षे गेली. मग आपण शिकायला हवे होते, असे त्याला वाटू लागले. तो पुन्हा शाळेत गेला. आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसण्यात त्याने कमीपणा मानला नाही. १८८३ साली त्याने माँट्रिऑल शहरातील मॅक्गिल विद्यापीठात प्रवेश मिळवला.

नेस्मिथ यांना धर्मोपदेशक व्हायचे होते. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचाही अभ्यास केला. पण त्याच वेळी त्यांना व्यायामाची आणि खेळांची गोडी लागली. व्यायामशाळेत ते तासन्‌तास घाम गाळत. फुटबॉलच्या संघात ते खेळत. त्या काळचा तिकडचा फुटबॉल फार आडदांड होता. चेंडू हातात धरून पळायचे आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा तो खेळ. धर्माचा अभ्यास करणाऱ्या तरुणाने असल्या खेळात भाग घ्यावा, हे त्यांच्या सोबत्यांना आवडत नसे.

एकदा सामना रंगात आला असता संघातल्या एका खेळाडूच्या तोंडून शिवी गेली. पण नेस्मिथ जवळ आहेत हे ध्यानात येताच तो ओशाळला आणि त्याने त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथ यांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. ते फक्त त्याच्याबरोबर सचोटीने खेळले होते. या प्रसंगाने ते विचारात पडले. व्यासपीठावरून उपदेश करूनच माणसे सुधारतात असे नाही. मैदानावर तरुणांच्या बरोबरीने खेळूनही त्यांना चांगले वळण लावता येते, हे त्यांना पटले. धर्मशास्त्राची परीक्षा तर ते उत्तीर्ण झाले, पण त्यांनी वाट धरली ती क्रीडाशिक्षकाची. त्यांच्या बहिणीला हा निर्णय मुळीच रुचला नाही. नेस्मिथ मात्र आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत.

१८९० साली ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या शहरी आले. तरुणांसाठी काम करणाऱ्या यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेचे तेथे प्रशिक्षण विद्यालय होते. तेथे त्यांना एमस अलोन्झो स्टॅग हे सोबती भेटले. स्टॅग यांनी विद्यालयाचा फुटबॉल संघ बांधला आणि नेस्मिथ त्या संघातून खेळले. पुढे स्टॅग शिकागो विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी ४१ वर्षे फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून नाव गाजवले. स्टॅग हे जिंकण्यासाठी झटणारे प्रशिक्षक होते. नेस्मिथ यांची वाट वेगळी होती.

१८९१ च्या हिवाळ्यात विद्यालयात एक अडचण उभी राहिली. तेथे हिवाळ्यात बाहेर बर्फ साचते. मैदानावरचे खेळ बंद पडतात. मग बंद व्यायामशाळेत कवायत आणि ठराविक व्यायाम एवढेच उरत. अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग या व्यायामाला कंटाळून गेला होता. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले. तेव्हा विभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवला. बंद जागेत खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधून काढावा, असे त्यांनी सांगितले.

नेस्मिथ यांनी प्रथम जुनेच खेळ आत आणून पाहिले. फुटबॉल खेळवला, तर मुले एकमेकांवर आणि भिंतींवर आदळू लागली. काठीने चेंडू झेलण्याचा लॅक्रॉस हा खेळ घेतला, तर काठ्यांचे तडाखे बसू लागले. दिवस संपत आले. तेव्हा नेस्मिथ शांतपणे विचार करायला बसले.

खेळात दांडगाई का होते? खेळाडू चेंडू घेऊन पळतो, म्हणून त्याला पाडावे लागते. मग चेंडू घेऊन पळायलाच मनाई केली तर? पाडण्याचे कारणच उरणार नाही! चेंडू जोरात का मारतात? गोल समोर, जमिनीवर उभा असतो म्हणून. मग गोल डोक्याच्या वर, आडवा ठेवला तर? चेंडू अलगद, कमानीसारखाच उडवावा लागेल. लहानपणीचा तो दगडाचा खेळ येथे त्यांच्या कामी आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यालयाच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच या फळाच्या दोन रिकाम्या टोपल्या होत्या. त्याच त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन बाजूंना ठोकल्या. सज्जा जमिनीपासून १० फूट उंच होता. आजही बास्केटबॉलची कडी बरोबर तेवढ्याच उंचीवर असते. मग त्यांनी खेळाचे १३ नियम लिहून काढले आणि फळ्यावर लावले. चेंडू घेऊन पळायचे नाही. कोणाला धक्का द्यायचा नाही, धरायचे नाही, पाडायचे नाही. दुसऱ्यांदा असा गुन्हा करणाऱ्याने पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसायचे. मुद्दाम इजा करणाऱ्याने उरलेला सारा सामना बाहेर राहायचे, आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडू मिळणार नाही. तेरा नियमांत जिंकण्याच्या युक्त्यांपेक्षा न्यायाने कसे वागावे, हेच अधिक सांगितले होते.

२१ डिसेंबर १८९१ रोजी पहिला सामना झाला. अठरा जणांचे नऊ-नऊचे दोन संघ केले. साधा फुटबॉलच चेंडू म्हणून घेतला. साऱ्या सामन्यात एकच गोल झाला. पण जी मुले व्यायामशाळेत यायला तयार नव्हती, ती आता तेथून हलायला तयार होईनात! फ्रँक मॅहन नावाच्या विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असे सुचवले. नेस्मिथ यांनी ते हसून नाकारले. तेव्हा त्याच मुलाने टोपली आणि चेंडू यांवरून दुसरे नाव सुचवले. बास्केट म्हणजे टोपली आणि बॉल म्हणजे चेंडू. बास्केटबॉल हे नाव ठरले.

खेळ हळूहळू सुधारत गेला. आरंभी टोपलीला बूड होते. गोल झाला की शिडीवर चढून चेंडू काढावा लागे. पुढे लोखंडी कडी आणि जाळी आली. मग जाळीचे तोंड खालून मोकळे ठेवले गेले. सज्जात बसलेले प्रेक्षक चेंडूला हात लावत, म्हणून टोपलीच्या मागे फळी आली. संघात पाच खेळाडू असावेत, हेही काही वर्षांनी ठरले. १८९२ पासून मुलींनीही हा खेळ उचलला. त्या पहिल्या खेळाडू मुलींत मॉड शर्मन ही तरुणी होती. १८९४ साली तिचा नेस्मिथ यांच्याशी विवाह झाला.

पहिल्या अठरा विद्यार्थ्यांनी हा खेळ दूरदूर नेला. त्यांच्यात गेंझाबुरो इशिकावा हा जपानी विद्यार्थी होता. डंकन पॅटन हा दुसरा विद्यार्थी पुढे भारतात आला आणि १८९४ साली त्याने आपल्या देशात बास्केटबॉल आणला. नेस्मिथ यांनी मात्र खेळाचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले नाहीत. ज्याला हवा त्याने तो खेळावा, अशीच त्यांची इच्छा होती.

१८९५ साली नेस्मिथ डेन्व्हर शहरी गेले. दिवसा तरुणांना व्यायाम शिकवायचा आणि त्याबरोबरच वैद्यकाचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम होता. १८९८ साली ते डॉक्टर झाले. तरीही त्यांनी दवाखाना थाटला नाही. माणसाचे शरीर समजले, तर व्यायाम अधिक चांगला शिकवता येईल, एवढ्यासाठी ते डॉक्टर झाले होते. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली. प्रार्थना चालवणे आणि विद्यार्थ्यांना व्यायाम शिकवणे, हे त्यांचे काम. बास्केटबॉलसाठी त्यांना कोणी बोलावले नव्हते. पण खेळ त्यांच्या मागोमाग तेथे आलाच.

३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्ससच्या संघाने पहिला सामना खेळला. तो संघ १६ विरुद्ध ५ गुणांनी हरला. पुढेही हार-जीत चालू राहिली. नेस्मिथ यांना तिचे फारसे सुखदुःख नव्हते. ते कधी कधी आपल्याच संघाच्या सामन्यात पंच होत. खेळाडूंना डावपेच शिकवत बसणे त्यांना पसंत नव्हते. मैदानावर उतरल्यावर खेळाडूने स्वतः विचार करावा, चूक झाली तर तीही स्वतः सुधारावी, असे त्यांचे मत होते. ते तलवारबाजी शिकवत, विद्यार्थ्यांचे शरीर तपासत, दुबळ्या मुलांना व्यायाम सांगत. संघातली मोजकी मुले जिंकण्यापेक्षा सर्व मुलांचे शरीर सुदृढ व्हावे, हे त्यांना मोलाचे वाटे.

त्यांच्या संघात फॉरेस्ट ॲलन नावाचा एक हुशार खेळाडू होता. एका विद्यालयाने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले. त्याने ही बातमी नेस्मिथ यांना सांगितली. नेस्मिथ यांना हसू आले. बास्केटबॉल हा खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे ते म्हणाले. ॲलनला हे पटले नाही. खेळाडूंना चेंडू फेकायला, हात-पाय हलवायला शिकवता येते, असे त्याचे म्हणणे होते. १९०७ साली नेस्मिथ यांनी संघ ॲलनच्या हाती दिला. या शिष्याने कॅन्ससच्या संघाला ५९० सामने जिंकून दिले. म्हणजे या बाबतीत शिष्याचेच म्हणणे खरे ठरले! पण गुरू-शिष्यांत कधी वैर आले नाही. गुरूने शिष्याला स्वतःच्या विचाराने चालू दिले आणि शिष्याने गुरूचा मान राखला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात नेस्मिथ फ्रान्समध्ये गेले. तेथे त्यांनी सुमारे दीड वर्ष सैनिकांची सेवा केली. १९२५ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

१९३३ साली जॉन मॅकलेन्डन नावाचा एक तरुण कॅन्सस विद्यापीठात आला. तो कृष्णवर्णीय होता. त्या काळी अमेरिकेत काळा-गोरा हा भेद फार तीव्र होता. काळ्या विद्यार्थ्याला वर्गात बसता येई, पण विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात खेळता येत नसे. मॅकलेन्डनला बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचे होते. वडिलांच्या सांगण्यावरून तो थेट नेस्मिथ यांच्या खोलीत गेला. आपण माझे मार्गदर्शक व्हावे असे वडिलांनी सांगितले आहे, असे त्याने त्यांना सांगितले. वडिलांचे म्हणणे नेहमी बरोबरच असते, असे म्हणून नेस्मिथ यांनी त्याला जवळ केले.

नेस्मिथ त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते. संघाची दारे ते मॅकलेन्डनसाठी उघडू शकले नाहीत. पण ज्ञानाची दारे त्यांनी सताड उघडली. खेळ कसा घडला, शरीर कसे काम करते, खेळाडूला वळण कसे लावावे, हे सारे त्यांनी त्याला शिकवले. १९३६ साली मॅकलेन्डन पदवीधर झाला. ज्या विद्यापीठाच्या संघातून त्याला एकही सामना खेळता आला नाही, तेथूनच तो प्रशिक्षक होऊन बाहेर पडला.

त्याच वर्षी जर्मनीतील बर्लिन शहरी ऑलिंपिक सामने होते. त्यांत बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. यासाठी फॉरेस्ट ॲलन यांनी फार खटपट केली होती. परंतु नेस्मिथ यांच्याजवळ प्रवासाला पैसे नव्हते. खेळाचे जनकच सोहळ्याला नसावेत, हे प्रशिक्षकांना कसे रुचणार? अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने जागोजागी सामने भरवले आणि तिकिटामागे एकेक नाणे बाजूला काढून पैसे जमवले. या खेळाला प्रशिक्षक हवा कशाला, असे म्हणणाऱ्या माणसाला प्रशिक्षकांनीच बर्लिनला पाठवले!

बर्लिनमध्ये पहिल्या सामन्याचा चेंडू नेस्मिथ यांच्या हस्ते उडवला गेला. वीसहून अधिक देशांचे संघ तेथे जमले होते. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. तो सामना होता अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. एक देश नेस्मिथ यांच्या जन्माचा, दुसरा त्यांच्या कर्माचा. अमेरिकेने १९ विरुद्ध ८ गुणांनी विजय मिळवला. नेस्मिथ यांनी आपल्या हातांनी खेळाडूंना पदके दिली. दोन टोपल्यांपासून सुरू झालेला खेळ त्यांनी साऱ्या जगाच्या अंगणात पाहिला.

१९३७ साली ते निवृत्त झाले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे त्यांचे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलच्या थोर व्यक्तींचे जे स्मारक आहे, त्याला नेस्मिथ यांचेच नाव दिले आहे. तेरा नियमांच्या मूळ कागदांचा २०१० साली लिलाव झाला. त्यांना ४३ लाख डॉलर मिळाले. ज्यांना बर्लिनच्या तिकिटासाठी लोकांची नाणी घ्यावी लागली, त्यांच्या कागदांना एवढी किंमत आली.

नेस्मिथ यांच्या शिष्यांचे काय झाले? ॲलन यांच्या हाताखाली कॅन्ससमध्ये तयार झालेले ॲडॉल्फ रप यांनी पुढे केंटकी विद्यापीठाला ८७६ सामने जिंकून दिले. ॲलन यांचेच शिष्य डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला ८७९ सामने जिंकून दिले.

आणि मॅकलेन्डन? ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम शहरी कृष्णवर्णीयांच्या एका महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. काळ्या आणि गोऱ्या खेळाडूंनी एकत्र खेळण्यास तेथे बंदी होती. १९४४ साली मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, सारे गाव प्रार्थनेला गेले असताना, गोऱ्या विद्यार्थ्यांचा एक संघ गुपचूप त्यांच्या व्यायामशाळेत आला. दारे लावून घेतली. प्रेक्षक नव्हते. मॅकलेन्डन यांच्या संघाने ८८ विरुद्ध ४४ गुणांनी सामना जिंकला. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत मिसळले आणि काळे-गोरे असे मिश्र संघ करून पुन्हा खेळले. पुढे १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे मॅकलेन्डन यांच्या टेनेसी येथील संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. स्प्रिंगफील्डच्या स्मारकात आज गुरूबरोबर या शिष्याचेही नाव आहे.

कॅन्सस विद्यापीठाच्या दप्तरात नेस्मिथ यांच्या नावापुढे ५५ विजय आणि ६० पराभव एवढेच आकडे लिहिलेले आहेत. धक्का न देता खेळा, दुसऱ्याला इजा करू नका, हा त्यांचा नियम मानून त्या रविवारी सकाळी बंद दाराआड जो सामना खेळला गेला, तो मात्र त्या आकड्यांत कोठेच नाही.